शाई कागदातच होती!

दुकानात तोलून बांधून दिलेल्या डाळीच्या पिशवीवर एक लहानसे पांढरे लेबल चिकटवलेले असते. त्यावर वजन, दर, किंमत, तारीख आणि काळ्या उभ्या रेघांचा एक पट्टा छापलेला असतो. वजनकाट्याला जोडलेल्या ज्या यंत्रातून हे लेबल बाहेर येते ते उघडून पाहिले, तर आत शाई दिसत नाही, टंकलेखन यंत्रात असते तशी फीत नसते, झेरॉक्स यंत्रातली काळी भुकटीही नसते. असतो तो फक्त कोऱ्या लेबलांचा गुंडाळा. कुरिअरच्या पाकिटावरचा पत्ता, एसटीच्या वाहकाच्या यंत्रातून निघणारे तिकीट, ए.टी.एम.ची पावती आणि इस्पितळातला हृदयालेख यांचीही बहुधा तीच गोष्ट. मग अक्षरे उमटतात कशाने?

उत्तर असे की, शाई यंत्रात नसून कागदातच असते. तिचे दोन घटक कागदाच्या वरच्या थरात अगदी शेजारी शेजारी, पण एकमेकांत न मिसळता बसवलेले असतात. यंत्र फक्त हव्या त्या जागी उष्णता देते. तेवढ्या ठिपक्यापुरता थर वितळतो, दोन्ही घटकांची गाठ पडते आणि रंग तयार होतो. व्यापारात या प्रकाराला 'डायरेक्ट थर्मल' असे नाव आहे. आम्ही या लेखात अशा लेबलांना 'उष्णमुद्रित लेबले' म्हणणार आहोत.

आज कोणताही धंदा ही लेबले आपल्या कामाप्रमाणे बेतून घेतो. आकार, चिकटपणा, वर छापायचे बोधचिन्ह या सर्वांचा विचार होतो. परंतु छापलेला मजकूर किती दिवस टिकला पाहिजे आणि कागदातले रसायन अखेर कोठे जाणार, हे दोन प्रश्न या कागदाच्या इतिहासात फार उशिरा विचारले गेले. त्या उशिराची किंमतही मोजावी लागली. म्हणूनच हा इतिहास शिक्षकांपुढे मांडावा असे आम्हांला वाटते.

बर्फावरचे पान

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात सगळीकडे बर्फ साचते. कार्ल मिलर या तरुण संशोधकाचे लक्ष एकदा बर्फावर पडलेल्या झाडाच्या पानाकडे गेले, असे सांगतात. ऊन पडले की गडद रंगाचे पान तापे आणि खालचे बर्फ वितळून ते आत रुते. भोवतालचे पांढरे बर्फ मात्र तसेच राही. गडद वस्तू उष्णता शोषून घेते आणि पांढरी वस्तू ती परतवते, हे आपण शाळेत शिकवतोच. मिलरने त्यातून नक्कल काढण्याचे तंत्र शोधले. छापील पानावरची काळी अक्षरे अवरक्त किरण शोषून तापतात, कोरा भाग फारसा तापत नाही. अशा पानाला उष्णतेने काळा पडणारा कागद भिडवून दोन्ही अवरक्त दिव्यासमोरून नेले, तर अक्षरांची प्रत त्या कागदावर उमटेल. थ्री-एम कंपनीने या तत्त्वावर १९५० मध्ये 'थर्मोफॅक्स' हे यंत्र बाजारात आणले.

त्या कागदातले रसायन आपल्या ओळखीचे आहे. त्यात फेरिक स्टिअरेट, म्हणजे लोहाचा एक साबण, आणि गॅलिक आम्लाच्या कुळातले संयुग वापरलेले असे. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह यांच्या संयोगाने ती काळी होते. थर्मोफॅक्सच्या कागदात हीच क्रिया कोरडी करून ठेवली होती. दोन्ही पदार्थ घनरूपात असेपर्यंत ते एकमेकांना भेटत नसत, वितळले की भेटत.

या कागदाच्या दोन मर्यादा लवकरच दिसून आल्या. पहिली म्हणजे, कार्बनयुक्त शाईने लिहिलेलेच त्यावर उमटे. रंगद्रव्याची शाई डोळ्यांना कितीही गडद दिसली तरी ती अवरक्त किरण शोषीत नाही, त्यामुळे बॉलपेनने लिहिलेला मजकूर नकलेत येत नसे. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत होती. प्रत काढून झाल्यावरही कागदाची उष्णतेला प्रतिसाद देण्याची शक्ती संपत नसे. ठेवलेल्या प्रती काळाच्या ओघात काळवंडत. उष्णतेने एकदा उमटणारा कागद पुन्हा उमटायलाही तयारच असतो. पुढच्या सर्व उष्णमुद्रित लेबलांना ही मर्यादा वारशाने मिळाली.

कार्बन पेपरला पर्याय

याच सुमारास ओहायो राज्यातील डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजे एन.सी.आर. ही कंपनी वेगळ्याच अडचणीवर काम करीत होती. ती गल्ल्याची यंत्रे बनवी. पावतीच्या दोन-तीन प्रती काढायच्या तर मध्ये कार्बन पेपर घालावा लागे. बॅरेट ग्रीन आणि लॉवेल श्लायशर या तिच्या संशोधकांनी रंगहीन रंगद्रव्याचे तेलकट द्रावण जिलेटिनच्या अतिसूक्ष्म कुप्यांत भरले आणि त्या कुप्यांचा लेप वरच्या कागदाच्या पाठीवर दिला. खालच्या कागदाच्या पोटावर आम्लधर्मी मातीचा थर दिला. पेनाचा दाब पडला की कुप्या फुटत, द्रावण मातीला भिडे आणि निळी अक्षरे उमटत. १९५४ मध्ये हा 'कार्बनशिवायचा' कागद विक्रीला आला.

यातले मुख्य रंगद्रव्य क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन हे होते. त्याचे वागणे समजण्यासाठी फिनॉल्फ्थॅलीन आठवावे. त्याच्या रेणूत लॅक्टोनचे वलय मिटलेले असते तेव्हा तो रंगहीन असतो, आम्लारीमुळे वलय उघडले की गुलाबी दिसतो. क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोनचे वलयही असेच उघडते, पण आम्लाच्या संगतीत. तेव्हा तो रंगहीन रेणू निळा-जांभळा होतो. वलय उघडते तसे परत मिटूही शकते, हे येथेच लक्षात ठेवावे. लेबलावरची अक्षरे फिकी का पडतात याचे एक मोठे कारण त्यात आहे.

या शोधाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुप्यांतले रंगद्रव्य विरघळवण्यासाठी पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजे पी.सी.बी. वर्गातला द्रव वापरीत. त्या काळी तो उत्तम समजला जाई, कारण तो पेट घेत नाही आणि सहजी विघटितही होत नाही. विघटित न होण्याचा हाच गुण पुढे घातक ठरला. विस्कॉन्सिन राज्यातील फॉक्स नदीच्या काठी कागदाचे अनेक कारखाने आहेत. काही असा कागद तयार करीत, काही त्याच्या कातरणांचा पुन्हा लगदा करीत. दोन्ही मार्गांनी पी.सी.बी. नदीत, गाळात आणि माशांत पोचले. १९७१ मध्ये या कागदातला त्याचा वापर थांबला, पण नदीतला दूषित गाळ उपसण्याचे व झाकण्याचे काम २०२० पर्यंत चालले. सतरा वर्षांच्या वापराचे हे ओझे पुढे जवळजवळ अर्धशतक वाहावे लागले.

आवाज न करणारी छपाई

दाबाऐवजी उष्णता वापरली तर कुप्या, तेल, द्रावण काहीच नको, हे एन.सी.आर.च्या संशोधकांनी ओळखले. १९६० च्या दशकात त्यांनी तेच रंगद्रव्य आणि सौम्य आम्लधर्मी फिनॉल वर्गातला एखादा घन पदार्थ यांची बारीक पूड एकाच थरात बसवली. उष्णतेने थर वितळला की फिनॉल मातीचे काम करी. अशा फिनॉलांमध्ये स्वस्त आणि मुबलक मिळणारा पदार्थ होता बिस्फिनॉल-ए. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊच.

कागद तयार झाला, पण त्याला ठिपक्या-ठिपक्याने तापवणार कोण? हे काम इलेक्ट्रॉनिकीने केले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जॅक किल्बी, जेरी मेरिमन आणि जेम्स व्हॅन टॅसल यांनी १९६७ मध्ये हातात मावणारा गणकयंत्राचा नमुना तयार केला. त्याला दिव्यांची पाटी नव्हती. उत्तर कागदाच्या पट्टीवर उष्णतेने छापून येई. १९५८ मध्ये एकात्मिक मंडल तयार करणारे किल्बी ते हेच. त्यांना त्या कामासाठी २००० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये याच कंपनीने 'सायलेंट ७००' हे संगणकाला जोडायचे छपाईयंत्र आणले. हातोड्या नाहीत, फीत नाही, म्हणून खडखडाटही नाही. नावातच त्याची जाहिरात होती.

आजच्या यंत्रातही तत्त्व तेच आहे. सिरॅमिकच्या पट्टीवर सूक्ष्म रोधकांची एक रांग असते. साधारणपणे एका मिलिमीटरात आठ रोधक बसतात, म्हणजे सुमारे चार इंच रुंदीच्या पट्टीवर आठशेहून अधिक. प्रत्येक रोधकातून क्षणभर विद्युतप्रवाह जातो, तो तापतो, त्याखालचा ठिपका काळा होतो आणि कागद पुढे सरकतो. कागदाच्या थरात मेणासारखा एक तिसरा पदार्थ मिसळलेला असतो. त्यामुळे एरवी दीडशे अंशांच्याही वर वितळणारे घटक साधारण ७० ते १०० अंश सेल्सिअसला एकत्र येऊ लागतात. १९८० च्या दशकात फॅक्स यंत्रांनी हा कागद जगभरच्या कार्यालयांत नेला. आलेल्या फॅक्सची लगोलग झेरॉक्स काढून ठेवण्याची सवय अनेकांना तेव्हाच लागली.

लेबल आणि पट्टेरी संकेत

लेबलाला या कागदाची गरज का पडली? येथे दोन स्वतंत्र शोध येऊन मिळतात. पहिला शोध स्वतःच चिकटणाऱ्या लेबलाचा. १९३५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन्टन एव्हरी यांनी धुलाई यंत्राची मोटर आणि शिवणयंत्राचे सुटे भाग जोडून असे लेबल कापणारे यंत्र तयार केले. ओला डिंक गेला आणि सोलून काढायचा मागचा कागद आला. दुसरा शोध पट्टेरी संकेताचा, म्हणजे बारकोडचा. त्याचे अमेरिकी पेटंट वुडलंड आणि सिल्व्हर यांना १९५२ मध्ये मिळाले होते. परंतु किराणा दुकानात आजच्या संकेताचे पहिले वाचन झाले ते २६ जून १९७४ रोजी, ओहायोतील ट्रॉय या गावी. वस्तू होती च्युइंग गमचे पाकीट. दुकानात यंत्रणा होती ती जवळच्याच डेटनच्या एन.सी.आर.ची!

च्युइंग गमच्या प्रत्येक पाकिटाची किंमत सारखीच. त्याचा संकेत वेष्टनाबरोबर कारखान्यातच छापता येतो. पण भाजी, चीज, मांस यांचे काय? प्रत्येक पुड्याचे वजन वेगळे, म्हणून किंमतही वेगळी. हे लेबल वजन केल्याच क्षणी, काट्याजवळच छापले पाहिजे. शिवाय ते दोन-चार दिवसच टिकले तरी चालते. उष्णमुद्रित लेबल या कामाला चपखल बसले. अशा दुकानांतर्गत लेबलांसाठी तेरा अंकी संकेतात २ ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवले आहेत. भारतात नोंदलेल्या कंपन्यांच्या मालाचे संकेत ८९० ने सुरू होतात. घरातल्या वेष्टनांवर मुलांना हा फरक शोधायला सांगता येईल.

कामाप्रमाणे बेतलेले लेबल

एकदा उपयोग पटल्यावर प्रत्येक धंद्याने लेबल आपल्या मापाचे करून घेतले. दुकानाचे नाव व चिन्ह साध्या छपाईने आधी छापून ठेवायचे आणि बदलता मजकूर तेवढा उष्णतेने भरायचा, ही रीत रूढ झाली. शीतगृहातल्या मालासाठी थंडीतही चिकटणारा गोंद आला, परत वापरायच्या डब्यांसाठी सहज निघणारा गोंद आला. जांभळ्याऐवजी काळा रंग देणारी फ्लुओरान वर्गातली रंगद्रव्ये प्रचारात आली. संकेत वाचणारी यंत्रे बहुधा लाल प्रकाश वापरतात आणि तो काळ्या रेघांत चांगला शोषला जातो. मात्र अवरक्त प्रकाश वापरणाऱ्या वाचकयंत्राला ही अक्षरे जवळजवळ दिसतच नाहीत. थर्मोफॅक्सला बॉलपेनची अक्षरे दिसत नसत, तोच हा प्रकार.

संकेताची दिशा ठरवण्यातही विचार असतो. छपाईच्या पट्टीतला एखादा रोधक जळाला की कागद सरकण्याच्या दिशेने एक बारीक पांढरी रेघ राहते. संकेताच्या रेघा त्याच दिशेला समांतर असतील, तर एखादी रेघ बारीक होते किंवा नाहीशीच होते आणि संकेत वाचता येत नाही. रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या छापल्या, तर प्रत्येक रेघेला एवढीशी खाच पडते आणि संकेत तरीही वाचता येतो. पण मग छपाई थोडी सावकाश करावी लागते, कारण एक रेघ छापून झाल्यावर रोधकांना निवायला वेळ मिळाला नाही तर रेघेच्या कडा फिसकटतात.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र टिकाऊपणाचा. उन्हात रंगद्रव्याचा रेणू बिघडतो व अक्षरे पुसट होतात. मऊ पी.व्ही.सी.च्या पिशवीत ठेवलेल्या पावतीत त्या प्लॅस्टिकमधील मऊपणा आणणारे पदार्थ झिरपतात, रंगद्रव्य आणि फिनॉल यांची जोडी सुटते व लॅक्टोनचे वलय पुन्हा मिटते. तेलाचा हात लागला तरी असेच होऊ शकते. उलट बंद मोटारीत काचेजवळ तापलेले लेबल सगळेच काळे पडते. स्पिरिटने पुसले तर दोन्ही घटक विरघळून एकत्र येतात आणि तेथे काळा डाग पडतो. पांढऱ्यावर पांढरे किंवा काळ्यावर काळे, माहिती दोन्हीकडून जाते. यावर उपाय म्हणून वरून एक संरक्षक थर देतात. तो तेल-पाण्यापासून वाचवतो, पण उष्णतेपासून वाचवू शकत नाही, कारण उष्णता आत जाऊ दिली नाही तर छपाईच होणार नाही. म्हणून सहा महिने ते वर्षभरापेक्षा अधिक टिकायला हवे असे काही असेल, तर फितीवरची शाई उष्णतेने कागदावर चढवणारी छपाई वापरतात. कुरिअरचे पाकीट आठवड्यात पोचते, त्याला उष्णमुद्रित लेबल पुरे. रसायनाच्या बाटलीवर किंवा वर्षानुवर्षे जपायच्या नमुन्यावर ते लावणे धोक्याचे. बाटलीत काय आहे हे न कळणे ही प्रयोगशाळेतली किरकोळ अडचण नव्हे.

फिनॉलचा हिशेब

आता बिस्फिनॉल-ए कडे वळू. रशियन रसायनज्ञ दिआनिन यांनी हे संयुग १८९१ मध्ये तयार केले होते. १९३६ मध्ये लंडनमध्ये डॉड्स आणि लॉसन यांनी दाखवून दिले की, ते शरीरात स्त्रीसंप्रेरकासारखे, जरी फार दुबळे, कार्य करते. म्हणजे ते उष्णमुद्रित कागदात शिरण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी ही माहिती छापील स्वरूपात उपलब्ध होती! प्लॅस्टिकमध्ये बिस्फिनॉल-ए चे रेणू साखळीत बांधलेले असतात. उष्णमुद्रित कागदात ते सुटे असतात, कारण सुटे नसतील तर रंगच येणार नाही. झुरिक येथील संशोधकांनी २०१० मध्ये अशा तेरा कागदांची तपासणी केली. त्यांतल्या अकरांमध्ये दर किलोला ८ ते १७ ग्रॅम बिस्फिनॉल-ए आढळले. पावती पाच सेकंद धरली की कोरड्या बोटांना सुमारे एक मायक्रोग्रॅम लागे, ओल्या किंवा तेलकट बोटांना त्याच्या सुमारे दहापट.

अधूनमधून पावती घेणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा दिवसभर पावत्या आणि लेबले हाताळणाऱ्या गल्ल्यावरच्या माणसाचा प्रश्न मोठा आहे. युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून अशा कागदात वजनाच्या ०.०२ टक्क्यांहून अधिक बिस्फिनॉल-ए ठेवण्यास बंदी केली. अनेक कारखान्यांनी त्याजागी बिस्फिनॉल-एस घेतले. ते त्याचेच भावंड, आणि संप्रेरकासारखे वागण्याचा संशय त्याच्यावरही आहे. स्वित्झर्लंडने उष्णमुद्रित कागदात दोघांनाही मनाई केली. असा कागद रद्दीत गेला की त्यातले रसायन पुनर्निर्मित कागदात उतरते. फॉक्स नदीकाठी कातरणांच्या लगद्यातून जे घडले, त्याच वाटेने.

पर्याय नाहीत असे नाही. बिस्फिनॉल नसलेली विकासक द्रव्ये मिळतात. कोएलर या जर्मन कंपनीने तर रासायनिक क्रियाच वगळली. तिच्या एका कागदात काळ्या थरावर सूक्ष्म पोकळ्यांचा अपारदर्शक थर असतो. उष्णतेने पोकळ्या कोसळतात, तेवढा भाग पारदर्शक होतो आणि खालचा काळा थर दिसू लागतो. रासायनिक बदलाऐवजी हा भौतिक बदल आहे. आठवीच्या वर्गात या दोहोंतला फरक शिकवताना याहून ताजे उदाहरण क्वचितच सापडेल.

वर्गात काय करता येईल?

जुन्या पावत्या आणि लेबले जमवून एक तास सहज रंगवता येतो. पावतीवर नखाने जोरात रेघ ओढावी; घर्षणाच्या उष्णतेने ती काळी उमटते. उकळते पाणी ओतलेली स्टीलची वाटी शिक्षकांनी स्वतः पावतीवर ठेवून दाखवावी. स्पिरिटचा एक थेंब साध्या पावतीवर आणि एक संरक्षक थराच्या लेबलावर टाकून तुलना करावी. एकाच पावतीचे तीन तुकडे करून एक वहीत, एक उन्हाच्या खिडकीत आणि एक मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा आणि दर आठवड्याला कोणता किती वाचता येतो याची नोंद मुलांनी करावी. प्रयोगानंतर सर्वांनी हात साबणाने धुवावेत, आणि हे कागद रद्दीच्या ढिगात टाकू नयेत.

शेवटी फळ्यावर तीन रकाने आखावेत. या लेबलावरचा मजकूर किती दिवस लागणार आहे? त्याला कोणाकोणाचे हात लागणार आहेत? काम झाल्यावर ते कोठे जाणार आहे? डाळीची पिशवी, औषधाची बाटली, घरातल्या यंत्राची हमी असलेली पावती, आजीचा हृदयालेख अशी उदाहरणे मुलेच सुचवतील. लेबल बेतून घेणाऱ्या व्यापाऱ्याने हे प्रश्न कारखानदाराला आधीच विचारायचे असतात, हे त्यांना रकाने भरता भरता समजेल. आणि हमीच्या पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढून ठेवावी, हे त्यांनी घरी जाऊन सांगितले तरी तासाचे चीज झाले असे आम्ही समजू.